पहिली टाकी जळेपर्यंत

मला फसवणारा माणूस जालन्याच्या बाजारात अजून यायचा आहे, असं मी पूर्वी म्हणत असे. आजही म्हणतो, पण आवाज थोडा खाली आलेला असतो. कारण एका मिस्त्रीनं हसनाबादच्या शिवारात, भर गावासमोर माझी जी गत केली, ती फसवणुकीत बसत नाही. फसवणाऱ्याला कोर्टात खेचता येतं. या माणसानं जे काही केलं ते आधी सांगून केलं, आणि त्याची चूक झाली असं म्हणायला एक माणूस तयार नाही. मी एकटा म्हणतो.

मी सरकीच्या पोत्यांची हमाली करून वर आलेला माणूस. आधी पोती वाहिली, मग रिकामी पोती विकली, मग सरकी विकली. भाव करणं ही एकच विद्या मला येते, आणि ती मी कोणाच्या ओट्यावर बसून शिकलो नाही. समोरचा माणूस बोलायला लागला की तो कुठं थांबणार हे मला आधी कळतं. पण हा मिस्त्री भावच सांगत नसे.

पहिल्या दिवशीच मी त्याला विचारलं होतं, काम किती दिवसांचं आणि घेणार किती. तो ट्रॅक्टरकडे बघत होता. म्हणाला, "देख लो." मी एक आकडा बोललो. तो म्हणाला, "हौ." मला वाटलं जास्त बोललो, म्हणून मी कमी केला. तो पुन्हा म्हणाला, "हौ." मी रागानं मूळच्या आकड्याच्याही वर गेलो, तरी "हौ"च. वजन एकाच पारड्यात टाकत राहिल्यासारखं झालं. शेवटी मीच दमून गप्प बसलो. पुढं वर्षानुवर्षं मी त्याला कधी कमी दिलं, कधी मुद्दाम जास्त दिलं. दोन्ही वेळा त्यानं न मोजता कुडत्याच्या खिशात टाकलं. ज्या माणसाला कमी दिल्याचं कळत नाही त्याला कमी देण्यात काय राम आहे?

पण आधी ट्रॅक्टरचं सांगितलं पाहिजे.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. आमच्या भागातल्या काळ्या रानात हरळी अशी माजली होती की बैलांच्या नांगराला ती दादच देत नसे. वरून कापावी तर महिन्यात पुन्हा तेवढीच. सरकारी ट्रॅक्टर खोल नांगरट करून जायचे, पण ते आज येतील का पुढच्या साली, याचा पत्ता नसायचा. मी हिशेब केला: जो माणूस आपला ट्रॅक्टर घेऊन गावोगाव भाड्यानं नांगरट करील, त्याला पाच उन्हाळे मरण नाही. नव्या ट्रॅक्टरचं नाव काढायची ऐपत नव्हती. तीर्थपुरीच्या एका देशमुखांकडे डिझेलवर चालणारा एक वापरलेला ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभा होता. तो मी घेतला. सकाळी बोलायला बसलो ते दिवे लागायच्या वेळेला उठलो. मध्ये दोनदा रुसून फाटकापर्यंत जाऊन आलो. सौदा झाला तेव्हा देशमुखांनी मला चहा विचारला नाही. मी ते माझं कौतुक समजलो.

जालन्याला येताना ट्रॅक्टर वाटेतल्या प्रत्येक विहिरीवर पाणी प्याला. म्हणून मिस्त्रीला बोलावलं. पूर्वी एका जिनिंगमध्ये इंजिनावर होता, असं कळलं होतं. उंच, वाळलेला, मेंदी लावलेली दाढी, आणि अंगात खळ घालून कडक केलेला पांढरा कुडता. मला वाटलं मिस्त्रीनं आपल्या मोठ्या भावाला पाठवलं असेल. पण तोच तो. त्याच कुडत्यात तो इंजिनाखाली शिरायचा आणि तसाच बाहेर यायचा. काळा ठिपका शोधून सापडायचा नाही. कसं ते मी आठ दिवस पाळत ठेवून बघितलं, तरी मला कळलं नाही.

त्यानं पहिल्या दिवशी ट्रॅक्टरला हात लावला नाही. समोर पोतं टाकून बसला. माझ्या बायकोनं चहा पाठवला. एक घोट घेऊन त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "भाभी, चाय में जल्दी हुई." मला हसू आलं, कारण आता हा उंबऱ्याबाहेर जाणार याची मला खात्री होती. मी लग्नानंतर एकदाच चहाला नाव ठेवलं होतं, त्याला बरीच वर्षं झाली होती. पण ती आत गेली आणि नवा चहा उकळून घेऊन आली. त्यानं पिऊन मान हलवली. त्या दिवसापासून आमच्या घरी चहा दोन प्रकारचा होऊ लागला. मिस्त्री आला की चांगला.

"ये किसके घर से आया?" त्यानं मला विचारलं.

मी सांगितलं, तीर्थपुरीच्या देशमुखांकडून, आणि किती पाडून घेतला तेही सांगायला लागलो. त्यानं ते ऐकलं नाही. तो उठला आणि ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून म्हणाला, "पहले पुराना निकालो. फिर नया बोलो."

हे त्याचं आवडतं वाक्य. वापरलेलं यंत्र घेतलं की आधी त्यातलं पहिल्या घरचं सगळं बाहेर काढायचं: तेल, पाणी, ग्रीस, टाकीच्या बुडाचा गाळ. जोवर ते निघत नाही तोवर यंत्र विकणाऱ्याचंच असतं, घेणाऱ्यानं फक्त पैसे दिलेले असतात. इथवर मला पटत होतं. पण तो हे वाक्य सगळ्याच गोष्टींना लावायचा. मला ताप आला तर जुनं निकालो. लोणच्याची बरणी भरायला काढली तर भाभी, जुनं निकालो. माझा मेहुणा बायको वारल्यावर दुसरं लग्न करायला निघाला, तर त्याला पोत्यावर बसवून मिस्त्रीनं पहिलीबद्दल तासभर बोलायला लावलं. मेहुणा रडला, मग जेवला, मग वरातीला याच म्हणून मिस्त्रीच्या पाया पडला. मला बोलावणं पोचलं ते चार दिवसांनी.

तर जुनं निघायला सुरुवात झाली. अंगणात एक जुनी चादर पसरली. जे जे सुटं होईल ते ज्या क्रमानं निघालं त्या क्रमानं चादरीवर मांडायचं, आणि ती चादर कोणी ओलांडायची नाही. आमच्या कोंबड्यांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं. एका कोंबडीनं तांब्याचा एक वायसर उचलला. मिस्त्रीनं पाना खाली ठेवला, हात पुसले आणि काम बंद करून बसला. कोंबड्या डालल्या जाईपर्यंत उठला नाही. तो वायसर दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर सापडला. त्यानं तो डिझेलनं धुतला, फडक्यानं पुसला आणि त्याच्या जागेवर ठेवला, वर कोंबडीकडे बघून मान हलवली. जणू तिनं रीतसर परत केला.

प्रत्येक नट सुटला की एक शिवी निघायची. हवेच्या गाळणीतून तुसाचा गठ्ठा निघाला. "कौन गधा था." पुढच्या चाकाच्या तुंब्यात, म्हणजे मधल्या गाभ्यात, बैलगाडीचं वंगण निघालं, जाळलेल्या गवताची राख एरंडेलात कालवून केलेलं. ती राख लोखंडाला कशी खाते ते मला बोटानं चोळून दाखवलं. "कौन गधा था." डिझेलच्या नळीला ढिल्या जागी सुतळी गुंडाळून वर लाख लावलेली. गधा. मला हे ऐकायला फार गोड वाटायचं. दुकान सोडून मी अंगणात येऊन बसू लागलो. एकेका शिवीबरोबर देशमुखांनी मला काय काय लपवून विकलं याची माझ्या मनात बेरीज होत होती.

मग रेडिएटर सोडला. खालून पिवळं पाणी आलं. नुसतं पिवळं नाही, घट्ट, हळदीचं. पाठोपाठ हळदीचा चिखल. आमच्याकडे गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकतात. ती फुगते, भोकात जाऊन बसते, आणि चार दिवस गळती थांबते. म्हणजे रेडिएटर फुटका होता आणि मला तो धड म्हणून विकला होता.

मिस्त्री त्या पिवळ्या पाण्याकडे बराच वेळ बघत राहिला. "ये तो सब से बड़ा गधा था," तो म्हणाला, आणि या वेळी आवाज हळू होता.

मी एका बाटलीत तो चिखल भरला. दुसऱ्या दिवशी मोटारीनं तीर्थपुरी. मिस्त्रीला बरोबर चल म्हटलं, कारण साक्षीला जाणकार माणूस पाहिजे. तो नको म्हणाला नाही. कुडता नव्यानं खळ घातलेला होता. वाटेत मी त्याला काय बोलायचं ते पढवत होतो: आधी वंगण, मग सुतळी, हळद सगळ्यात शेवटी. तो खिडकीबाहेर बघत होता.

देशमुख ओसरीवरच होते. मी बाटली वर काढणार, तेवढ्यात ते उठून पुढं आले, माझ्याकडे नाही, त्याच्याकडे.

"अरे मिस्त्री! लई दिवसानं आल्ता. बसा, बसा. कुठं असता?"

माझा हात बाटलीसकट पिशवीतच राहिला. देशमुखांनी मला समजावून सांगितलं, "शेठ, आमचा ट्रॅक्टर ह्यांनीच तर सांभाळला. तुमी नशिबाचे, त्योच मिस्त्री भेटला तुमाला."

मी मिस्त्रीकडे वळलो. "हळद कोणी टाकली?"

"मैं."

"आणि तो गधा?"

"वो भी मैं."

देशमुखांना आधी कळलं नाही. कळल्यावर ते इतके हसले की आतून कोणीतरी पाणी घेऊन आलं. मिस्त्री हसला नाही. शांतपणे म्हणाला की पेरणी तोंडावर आली होती, देशमुखसाहेबांनी जल्दी करा म्हटलं, एवढी पेरणी होऊ द्या मग सावकाश बघू म्हटलं, आणि त्यानं जल्दी केली. पेरणी झाली. मग सावकाश बघायला कोणी बोलावलं नाही. "जल्दी किया, उसी कू गधा बोलते, सेठ. मैं दूसरे किसी कू नहीं बोल रहा था."

मी विचारलं, मग पहिल्याच दिवशी मला का सांगितलं नाही. तो म्हणाला, एका घरची गोष्ट तो दुसऱ्या घरी बोलत नाही. इथं काम करत होता तेव्हा इथला. आता माझा. माझीही गोष्ट कोणाला सांगणार नाही. हे ऐकून देशमुखांनी मान डोलावली. त्या दिवशी चहा मात्र मिळाला, आणि मिस्त्रीनं त्याला नाव ठेवलं नाही.

येताना मोटारीत ती बाटली माझ्या मांडीवर होती. रागावणार कशावर? त्यानं खोटं काही सांगितलं नव्हतं. पैसे परत मागायला गेलेला मी, आणि माझाच साक्षीदार आरोपी निघाला, आणि आरोपीनं गुन्हा असा कबूल केला की माझ्या हातात काही उरलं नाही. ती बाटली मी घरी आणली. बायकोनं ती धुऊन रॉकेलला घेतली.

मग खरी कामं सुरू झाली. रेडिएटर त्यानं स्वतः डोक्यावर घेऊन डाग देणाऱ्याकडे नेला, तिथं त्याच्या मानेवर बसून एकेक भोक बुजवून घेतलं. मी रोज विचारायचो, कधी होणार. तो रोज सांगायचा, होगा तब. मला घाई होती, कारण तोवर हसनाबादच्या पाटलांशी माझी पैज लागली होती.

हे पाटील बारीक अंगाचे, हळू बोलणारे गृहस्थ. मोठ्यानं भांडणाऱ्याला मी गुंडाळून ठेवतो. हळू बोलणाऱ्याशी मला जपून राहावं लागतं. त्यांचं ओढ्याकाठचं एक रान हरळीनं पूर्ण खाल्लेलं होतं. ते म्हणाले, शेठ, हे रान सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत नांगरून दाखवा. दाखवलंत, तर सगळ्या गावाची नांगरट तुमची, तुमच्या भावानं. थोडंसं जरी राहिलं, तर भाव मी सांगीन तो. चार लोकांसमोर हे बोलणं झालं होतं. मला तर हसनाबादवर थांबायचंच नव्हतं. हसनाबाद माझ्या भावानं आलं की भोकरदनकडची सगळी गावं त्याच भावानं येणार होती. मी हातावर हात मारला.

निघायच्या आदल्या दिवशी मिस्त्रीनं मला अंगणात बोलावलं. इंजिनात नवं तेल घरच्या मालकानंच आपल्या हातानं ओतायचं, असा त्याचा दंडक होता. नोकर चालत नसे. मी धोतर खोचून ते मधासारखं स्वच्छ तेल ओतलं. बायको बघायला उभी होती. मग त्यानं इंजिन चालू केलं, कडुलिंबाची एक काडी दातात धरून तिचं दुसरं टोक इंजिनाला टेकवलं, आणि डोळे मिटून ऐकत राहिला. मी विचारलं काय म्हणतं. काडी दातातच ठेवून त्यानं हातानं मला गप्प बसायची खूण केली.

नंतर म्हणाला, "ये तेल पहली टाकी जलने तक. टाकी खतम, तेल बाहर. अंदर का जो पुराना चिपका है वो इसमें उतरेगा. आसमान गिरा तो भी निकालूँगा."

डिझेलची पहिली टाकी संपली की इंजिनातलं तेल काढायचं, मी बरं म्हटलं. अशा माणसांना आपण बरं म्हणतोच. वर नव्या तेलाचा आणखी एक डबा त्यानं मला घ्यायला लावला, तोही मी घेतला.

हसनाबादच्या रस्त्यापासून रानापर्यंत डिझेलचं पिंप आणि तो डबा न्यायला मी पाटलांचीच बैलगाडी मागून घेतली. सूर्य वर आला आणि मिस्त्रीनं ट्रॅक्टर रानात घातला. चालवायचा तोच, दुसऱ्याला हात लावू देत नसे. नांगराचा फाळ खाली गेला आणि हरळीच्या मुळ्या शेवयांसारख्या वर यायला लागल्या, पांढऱ्या, गुंतलेल्या, हातभर लांब. म्हातारी माणसं वाकून त्या उचलून बघत होती. कोणी म्हणालं, ह्या तर आज्याच्या येळच्या असतील. गाव बांधावर बसलं होतं. पाटील पान खात होते आणि दर फेरीला थोडं थोडं कमी बोलत होते. भाव पडणाऱ्या माणसाचं तोंड कसं होतं ते मला पाठ आहे. दुपार कलली तेव्हा ते तोंड त्यांचं झालं होतं.

सूर्य बराच वर होता आणि रान संपत आलं होतं. ओढ्याच्या बाजूला एक पट्टी राहिली होती, एखाद्या अंगणाएवढ्या रुंदीची. दोन-चार फेऱ्यांचं काम. तेव्हा मिस्त्रीनं ट्रॅक्टर थांबवला. टाकीत काठी घालून बघितलं. डिझेल भरून घेतोय असं मला वाटलं, म्हणून मी पाटलांशी भावाचं बोलायला गेलो. बोलता बोलता त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली. मी वळून बघितलं. ट्रॅक्टरखाली पोतं पसरलेलं होतं, पोत्यावर पांढरा कुडता होता, आणि घमेल्यात तेलाची धार पडत होती.

मी ढेकळांतून धावलो. जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तो खालूनच म्हणाला, "टाकी खतम हुई, सेठ. गरम है तब तक सब निकलता. ठंडा हुआ तो नीचे बैठ जाता." मी म्हटलं, ठीक आहे, झालं ते झालं, नवं घाला आणि चला, वेळ आहे अजून. वेळ खरंच होता.

डबा आणायला गाडीवानाकडे गेलो. तो बैलांना पेंड घालत होता.

"त्याल? ते तर वंगणाला घातलं न्हवं."

आमच्याकडे रीत आहे, मागून घेतलेल्या गाडीला वंगणाचं तेल वापरणाऱ्यानं आणायचं. मला ती माहीत होती, मी गाडी परत करताना देणारही होतो. पण गाडीवानानं डबा बघितला आणि त्याला वाटलं, शेठनं आधीच आणलं.

"लई गुणाचं त्याल, शेठ. उद्या वऱ्हाड घेऊन चार गाड्या जाऊन राह्यल्या नं, त्यांच्या बी चाकाला घातलं."

"उरलं का काही?"

"उरल्तं की. मोटेच्या चाकाला घातलं मंग. लई दिसाची कुरकुर व्हती, बिलकुल बंद झाली." आणि तो माझ्या शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

मी परत रानात आलो. सूर्य आता ओढ्याकाठच्या बाभळींच्या शेंड्यावर होता. मिस्त्री खालून निघून घमेल्याशेजारी बसला होता. मी त्याला म्हटलं, हेच तेल परत घाला, पट्टीभर तर राहिलंय. तो वाकला, तेलात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, उजेडात धरलं. मीही बघितलं. तेल स्वच्छ होतं. मी स्वतः ओतलं होतं तसं नाही, पण स्वच्छ.

"साफ है," तो म्हणाला.

"मग घाला."

"नको."

"तुम्हीच म्हणता साफ आहे."

"साफ है. मगर उतर गया, खुला पड़ा, हवा से मिट्टी उड़ रही. अब इसमें क्या गया मेरे कू मालूम नहीं."

"मिस्त्री, एवढी पट्टी. फक्त एवढी. मग काय करायचं ते करा."

तो माझ्याकडे बघत म्हणाला, "तीर्थपुरी में भी इतनाच बोले थे."

मी घमेल्याची एक कडी धरली. त्यानं दुसरी धरली. गावासमोर आम्ही दोन मोठी माणसं एक घमेलं ओढत होतो, मी ट्रॅक्टरकडे आणि तो बांधाकडे. तेल हिंदकळलं आणि त्याच्या कुडत्यावर पोटापासून खाली तेलकट पट्टा उमटला. त्यानं त्या डागाकडे बघितलं. माझा हात क्षणभर ढिला पडला. तेवढ्यात त्यानं घमेलं आपल्याकडे घेतलं आणि बांधावर उपडं केलं. तेल काळ्या मातीत गेलं. बांधावर बसलेले लोक नुसते पाय वर घेऊन सरकले.

सूर्य मावळेपर्यंत मी शिव्या देत होतो, एवढंच मला आठवतं. त्याला, गाडीवानाला, वऱ्हाडाला, ज्या नवऱ्याचं लग्न होतं त्याला. मिस्त्री पाना पुसत होता. तेल सोडायचा खालचा बोल्ट त्यानं परत घट्ट बसवला, हातानं चाचपून बघितला. शिव्या संपल्या तेव्हा पाटील ढेकळं चुकवत हळूहळू चालत आले. त्यांनी रान बघितलं, पश्चिमेकडे बघितलं, मग पट्टी बघितली.

"शेठ, रान चांगलं झालं. लई चांगलं झालं. पण तेवढी पट्टी राह्यली."

हातात काही नसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा सौदा केला. पाटलांनी सांगितला तो भाव मी घेतला, कारण रिकाम्या इंजिनाचा ट्रॅक्टर त्यांच्याच रानात उभा होता. दुसऱ्या दिवशी मिस्त्री जालन्याहून तेल घेऊन आला. मी त्याच्या हातून डबा घेतला आणि स्वतः ओतलं. त्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर सगळं हसनाबाद नांगरून गेला, पाटलांच्या भावानं, आणि भोकरदनपर्यंतची गावंही त्याच भावावर अडून बसली.

ती पट्टी मात्र पाटलांनी नांगरू दिली नाही. मी म्हटलं, फुकट नांगरतो, पदरचं डिझेल घालतो. ते म्हणाले, असू द्या, ढोरांना होईल. दर वैशाखात मी भाव वाढवून मागायला गेलो की ते वाद घालत नाहीत. म्हणतात, चला शेठ, जरा रानाकडं फिरून येऊ. आणि मला पट्टीच्या कडेला नेऊन उभं करतात, वर गावात आलेला एखादा पाहुणा बरोबर असला तर त्याला सगळं पहिल्यापासून सांगतात. तो पाहुणा हसतो तोवर भाव ठरलेला असतो.

मिस्त्रीला काढून का टाकलं नाही, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. ट्रॅक्टर उत्तम चालला हे खरं आहे. पण त्या दिवशी तेल परत घातलं असतं तरी तो चाललाच असता, हे मी आजही म्हणतो, आणि ते खोटं ठरवायला आता कोणाकडे काही नाही. तेल तर बांधानं पिऊन टाकलं. शिवाय त्याला काढला असता तर ही तक्रार मी कोणाजवळ केली असती? तोच एक ती शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा, आणि मी थांबलो की म्हणायचा, "हौ, साफ था."

पुढच्या साली पाटलांच्या दुसऱ्या रानात नांगरट होती. भर दुपारी मिस्त्रीनं काम थांबवलं आणि जेवायला जागा शोधायला लागला. चहूकडे मोठमोठी ढेकळं, नुकती उपसलेली, बूड टेकायला जागा नाही. तो ओढ्याच्या बाजूला चालत गेला. ती पट्टी हिरवीगार, मऊ, हरळी गुडघाभर नाही पण घोट्याएवढी. तिच्यावर त्यानं दस्तरखान पसरला, भाकरी सोडली, माझ्या बायकोनं दिलेलं लोणचं मधोमध ठेवलं, आणि मला हाक मारली.

"आओ सेठ, बैठो. सारे शिवार में बैठने की जगह ये एकच है."

भूक मलाही लागली होती. मी गेलो, त्याच्या हातून भाकरी घेतली, लोणचं घेतलं, आणि पट्टीच्या बाहेर, ढेकळांत उभा राहून खाल्ली.